मनगटावरची नणंद

बोटीवर वहिनीने तो प्लास्टिकचा तक्ता मांडीवर घेतला, की मासोळीला हसू आवरायचं नाही. मासोळी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. पोहायला लागल्यापासून जी मासोळी झाली ती झालीच. हौशी लोकांच्या पाठीवर टाकी बांधून त्यांना समुद्राखाली फिरवून आणायचा तिचा धंदा. बोट तिची, इंजिन सांभाळायला तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, आणि दादाची बायको ती आपली वहिनी. वहिनी आठवडाभर औषधांच्या दुकानात गोळ्या मोजायची आणि सुट्टीच्या दिवशी नणंदेबरोबर बुडी मारायची. दिवसभर गोळ्या मोजणाऱ्या बाईच्या हातून तक्ता सुटणार कसा?

तक्ता म्हणजे काही मोठं गूढ नाही. किती खोल जायचं आणि तिथे किती वेळ राहायचं, एवढंच त्यात बघायचं असतं. पाण्याखाली माणूस दाबातली हवा ओढतो आणि त्या हवेतला नायट्रोजन रक्तामांसात मुकाट्याने मुरत जातो. दुखत नाही, खुपत नाही, कळतसुद्धा नाही. मुरलेला वायू एकेका श्वासाने बाहेर पडू द्यावा लागतो. घाईने वर आलं की सोड्याची बाटली फटकन उघडावी तसे अंगात बुडबुडे होतात. धक्क्यावरच्या एका पट्टीच्या पाणबुड्याचे असेच दोन्ही पाय गेले होते. त्याची चाकांची खुर्ची रोज दुकानासमोरून जायची. वहिनी त्याला हात करायची, आणि मासोळी बरोबर असली की तिला नेमकं तेव्हाच चपलेचा पट्टा नीट करायचा असायचा.

"अगं, घड्याळ सगळं मोजतं, फोनवर आराखडा तयार मिळतो, आणि तू अजून या तक्त्याला चिकटलीस!" मासोळी म्हणाली.

"आणि घड्याळ बंद पडलं तर?"

"तर वर येईन."

"कधी? वाटेत किती थांबून?"

मासोळीने तोंड वेडावलं.

घड्याळं मात्र खरंच हुशार होती हो. मनगटावर बांधलं की किती खोल आहात, किती वेळ झाला, अंगात किती वायू मुरला आणि अजून किती मिनिटं थांबता येईल, सगळं ते क्षणाक्षणाला मांडायचं. आधीच्या बुडीचं उरलेलंही लक्षात ठेवायचं. ही दोन घड्याळं दादाने आणली होती. बायकोला एक आणि बहिणीला दुसरंच आणलं तर घरात काय होईल याची त्याला पुरती कल्पना होती. म्हणून त्याने डोकं चालवून दोन्ही अगदी सारखी आणली. रंग तोच, पट्टा तोच. भांडण टळलं, यावर तो भलताच खूश होता.

त्या दिवशी सकाळी मासोळी दोन पाहुण्यांना घेऊन खोल कड्यापर्यंत जाऊन आली होती. वहिनीचं डोकं चढलं होतं, म्हणून ती बोटीवरच बसून चहा घेत होती. चहा घड्याळाच्या पट्ट्यावर सांडला, तेव्हा तिने ते गोड्या पाण्याच्या टबात टाकलं. पाहुण्यांना धक्क्यावर सोडून मासोळीनेही आपलं घड्याळ खारं पाणी निघावं म्हणून त्याच टबात टाकलं आणि ती जेवायला बसली. तेवढ्यात दुसऱ्या बोटवाल्याचा दादाला फोन आला. मधल्या खडकापाशी मांटा दिसला होता.

मांटा म्हणजे पंखांनी पोहणाऱ्या चपट्या पाकटाच्या जातीतला सगळ्यात मोठा मासा. मासोळीने गावभरच्या लोकांना समुद्र दाखवला, पण तिला स्वतःला मांटा कधी दिसला नव्हता. पाहुणे वर येऊन "काय मोठा होता हो!" म्हणून नाचायचे, आणि ही बया त्या वेळी मागे राहून कुणाचा तरी निसटलेला पट्टा आवळत असायची. फोन ऐकताच तिने ताट तसंच सरकवलं.

"आज नाही बघितला तर मी हा धंदाच सोडीन."

"दर महिन्याला सोडतेस," वहिनी म्हणाली. "बस जरा. सकाळचं तुझ्या अंगात आहे अजून."

वहिनीने हिशेब मांडला. ती स्वतः कोरी होती. मासोळीत मात्र सकाळचा वायू बराच शिल्लक होता. अशा वेळी जोडीत ज्याच्या अंगात जास्त, त्याच्या वेळेने दोघांनी वागायचं. तक्त्यात बघितलं, फोनवर ताडून पाहिलं, आणि पाण्याखाली लिहायच्या पाटीवर तिने ठळक लिहिलं: पंचवीस मिनिटं, मग वर. मासोळीने मान डोलावली, आणि दादाने खडकापाशी बोट नेऊन नांगर टाकताच टबातून घड्याळ उचललं, बांधलं आणि उडी टाकली. वहिनीनेही उरलेलं बांधलं.

नांगराच्या दोराला धरून दोघी उतरल्या. सुरुवातीला अंगावर ऊन नाचत होतं, मग ते पातळ होत होत नुसता निळा उजेड राहिला. कितीदा बघितलं तरी वहिनी इथे दोर धरून क्षणभर थांबायची, पण भीतीने नव्हे. आपण इतक्या लहान आहोत आणि तरीही आपल्याला इथे येऊ दिलंय, असं काहीतरी तिला वाटायचं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

खडक आला. दोघी एका कपारीला धरून बसल्या आणि बघत राहिल्या. बराच वेळ काहीच नाही. मग निळ्यातूनच निळ्याचा एक तुकडा सुटला आणि त्यांच्याकडे येऊ लागला.

बाई गं! वहिनीच्या तोंडात नळी होती म्हणून, नाहीतर तिने आरोळीच ठोकली असती. केवढा तो! दोरीवरची चादर वाऱ्याने संथ उचलावी तसे त्याचे पंख वर जात होते, खाली येत होते. पाठ काळीभोर, आणि पोट दिसलं तेव्हा दुधासारखं पांढरं. आवाज म्हणून नाही. डोक्यावरून गेला तेव्हा दोघींवर सावली पडली आणि वहिनीचे डोळे भरून आले. मुखवट्याच्या आत डोळे पुसता येत नाहीत, तेव्हा ते तसेच राहिले. शेजारी मासोळी देवळात आल्यासारखी हात छातीशी धरून होती.

तो घिरट्या घालत राहिला. पंचवीस मिनिटं झाली तशी वहिनीने पाटी पुढे केली. मासोळीने जोरजोरात मान हलवली आणि आपलं मनगट तिच्या डोळ्यांसमोर नाचवलं. अजून कितीतरी मिनिटं शिल्लक दिसत होती! वहिनीला नवल वाटलं नाही. तक्ता आपला सगळा वेळ तळाशीच काढला असं धरून चालतो. घड्याळ खालचा-वरचा खरा वेळ मोजतं, म्हणून ते नेहमीच थोडं सढळ असतं. जाऊ दे, म्हणून तिने पाटी खाली घेतली. वर्षानुवर्षं वाट बघितलेल्या बाईला कोण उठवणार?

मांटा वळला आणि उतारावरून खाली निघाला. मासोळी त्याच्या मागे. वहिनी जरा वरूनच तिच्यावर नजर ठेवून चालली होती, आणि सवयीने तिने स्वतःचं मनगट बघितलं.

तीन मिनिटं.

तिने घड्याळावर टिचकी मारली. तीनच. अरे, सकाळी बोटीवर चहा पीत बसली ती मी, कड्यापर्यंत जाऊन आली ती मासोळी, आणि वेळ संपतोय माझा? एवढं मनात येतंय तोवर तिला आठवलं. टब! दोन्ही घड्याळं टबात होती. उतरण्याआधी आधीच्या बुडीचा आकडा बघायचा असतो. मासोळीने बघितला नव्हता, कारण ती कधीच बघायची नाही. आणि वहिनीने बघितला नव्हता, कारण तिने सगळं तक्त्यावर मांडून ठेवलं होतं. दोघींनी आपापल्या परीने माती खाल्ली होती.

मनगटावर संपत चाललेला वेळ तिचा नव्हताच. तो मासोळीचा होता. तिने नणंदच मनगटाला बांधली होती, आणि नणंद तिथे खाली, कोऱ्या अंगाचं घड्याळ घालून, आणखी खोल चालली होती.

वहिनीने हाक म्हणून आपल्या टाकीवर पट्ट्याची लोखंडी कडी आपटली. मासोळीने वळूनही बघितलं नाही. मग वहिनी होतं नव्हतं ते बळ लावून तिच्यामागे गेली आणि तिचा पाय धरून तिला मागे ओढलं. मासोळी अशी काही वळली की बोटीवर असती तर शिव्यांची लाखोली वाहिली असती. पुन्हा तिने मनगट दाखवलं: बघ ना, वेळ आहे! वहिनीने आपलं घड्याळ सोडलं, तिच्या हातात दिलं आणि पाटीवर लिहिलं: हे तुझं.

मासोळीने एक घड्याळ बघितलं, मग दुसरं. हातातल्या घड्याळावरचा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत शून्य झाला आणि लाल अक्षरं आली. पाच मीटरवर थांबल्याशिवाय आता वर जायचं नाही. मुखवट्यामागे मासोळीचे डोळे केवढे मोठे झाले. चाकांची ती खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर आली असणार, वहिनीच्या तर आलीच होती. खाली मांटा दिसेनासा झाला. मासोळीने त्याच्याकडे बघितलं नाही.

दोघी हळू, बुडबुड्यांपेक्षाही हळू वर आल्या आणि पाच मीटरवर दोराला धरून लोंबकळल्या. घड्याळ सहा मिनिटं मागत होतं. पण वहिनीला ठाऊक होतं, की हा आकडासुद्धा खरा नाही. हे घड्याळ इतका वेळ तिच्या स्वतःच्या मनगटावर होतं, आणि ती वर होती तेव्हा मासोळी तिच्यापेक्षा खाली होती. मासोळीच्या अंगात नेमकं किती मुरलंय, ते आता ना घड्याळाला माहीत होतं, ना फोनला, ना तक्त्याला. मग उपाय एकच. हवा पुरेल तितका वेळ थांबायचं.

हवाही मासोळीने पळापळीत उडवली होती. तिच्या टाकीचा काटा लाल रेषेला टेकला तशी वहिनीने आपली जादा नळी तिच्या तोंडात दिली. एका टाकीवर दोघी, एकमेकींच्या खांद्याचे पट्टे धरून, समोरासमोर. श्वास आत, श्वास बाहेर. वहिनी प्रत्येक श्वासाला मनात म्हणत होती: जा, निघ तिच्या अंगातून, जा. आयुष्यात तिने नणंदेकडे इतकं निरखून कधी बघितलं नव्हतं. ही हट्टी, तोंडाळ, जीव लावणारी पोरगी आतून अशी हवेने भिजलेली असते, आणि एकेका श्वासाने मोकळी होते! तिला वाटलं, हे सगळं असंच चालू असतं आणि आपण खुशाल चहा पीत बसतो.

तेवढ्यात वरचा उजेड गेला.

तो आला होता. आपणहून आला होता, दोघींच्या डोक्यावर, हात उंचावला तर लागेल इतक्या जवळ. तो निघून गेला नाही. दोघींच्या तोंडून सुटलेले बुडबुडे वर जात होते आणि त्याच्या पांढऱ्या पोटावर आपटून फुटत होते. त्याला ते आवडत असावं. पुढे जायचा, पंख मुरडून वळायचा आणि परत त्याच बुडबुड्यांवर पोट आणून धरायचा. मासोळीच्या रक्तातून निघालेलं ते मरण वर जाऊन त्याला गुदगुल्या करत होतं. वहिनी मान वर करून बघत राहिली. त्याच्या पोटावरचे काळे ठिपके, हलणारे कल्ले, पंखाच्या टोकाची फाटकी कड. आपण कुठे आहोत, कशाला थांबलोय, तिच्या काही काही ध्यानात राहिलं नाही.

खांद्यावर थाप बसली. मासोळीने टाकीचा काटा तिच्यासमोर धरला होता आणि अंगठा वर केला होता. वर चल. वहिनीने चक्क नकार दिला: थांब ना! मासोळीने तिच्या जाकिटाचा पट्टा धरला आणि तिला लहान मुलासारखं हळूहळू वर नेलं.

वर वाट बघून बघून दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. घड्याळांची अदलाबदल वहिनीने सांगताच मासोळीला आडवं करून त्याने प्राणवायूचा मुखवटा लावला आणि डॉक्टरला फोन लावला. वहिनीने तिच्या पायाला चिमटा काढला.

"कळतंय?"

"आई गं! कळतंय, कळतंय!"

"बोटं हलव. सगळी. त्या पायाचीही."

दहाच्या दहा बोटं हलली. वहिनीला हसू फुटलं, मग रडू, आणि तिने ते लपवलं नाही. डॉक्टर फोनवर विचारत होते: खोली किती, वर थांबलात किती? पहिलं वहिनीने सांगितलं. दुसऱ्याला ती अडखळली. तिने पाटी बघितली, पाटीवर 'हे तुझं'च्या पुढे काहीच नव्हतं. दादा तिच्याकडे बघतच राहिला.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी मोजलंच नाही."

मासोळीने मुखवटा जरासा उचलला.

"बावीस मिनिटं. मी मोजत होते."

"अगं, आणि मांटा?" वहिनी म्हणाली. "इतका डोक्यावर आलेला, तू बघितला नाहीस?"

"तू बघत होतीस ना," मासोळी म्हणाली. "आता सांग मला. कसा होता?"