खाट करकरली पाहिजे

मी एक जुनी घडीची खाट आहे, मित्रांनो. लोखंडी नळ्यांचं अंग, हिरव्या जाड कापडाची पाठ, आणि काम एकच: दुपारचं जेवण झालं की माणसाला निजवायचं. आमच्या दानांग शहरात दुपारी सगळ्या कचेऱ्या झोपतात. साहेब झोपतो, कारकून झोपतो, फोनसुद्धा गप्प बसतो. तुमच्याकडे तसं नसेल तर मला बाई तुमची कीवच येते.

माझा जन्म बाजारामागच्या एका गल्लीत झाला. कारागिराने डाव्या सांध्यातली खीळ जरा सैल ठोकली, म्हणून मी पहिल्या दिवसापासून करकरते. माझी मालकीण दिएप, तिच्या आईने मला विकत घेण्याआधी बसून बघितलं, तर मी लगेच "कर्रर्र" केलं. दुकानदार म्हणाला, "नवी आहे हो, बसेल आवाज." तो आजतागायत बसलेला नाही! आई मात्र म्हणाली, "असू दे. पोरीला पहिली नोकरी लागलीय, अंग टाकायला काहीतरी हवं ना."

ती नोकरी म्हणजे खोईकाकांची कचेरी. शिंप्याच्या दुकानावरची एकच खोली, आणि काम लोकांच्या घरांचे नकाशे काढायचं. मालक खोईकाका, तोआनदादा, ज्याच्या घोरण्याने खिडकीची काच थरथरे, हिशेब आणि भात दोन्ही सांभाळणाऱ्या लुयेनताई, आणि आमची दिएप. सगळ्यांच्या खाटा उघडल्या की मी निम्मी नकाशाच्या टेबलाखाली जायचे. तीच आमची दोघींची जागा.

झोपेची वेळ संपली की लुयेनताई पायाच्या अंगठ्याने मला ढोसत. मी करकरले की दिएप जागी होई. "ऊठ गं बाई, तुला बघायला पाहुणे आले, जेवले, गेलेसुद्धा!" रोज नवा टोमणा असे.

पण खरं सांगते, त्या खोलीत गुपित म्हणून काही राहायचंच नाही. दिएप फोनवर जरा हळू बोलली की तोआनदादा विचारणार, "कोण गं तो?" ताटात भात उरला की लुयेनताई रागावणार. दिएप अगदी वैतागून जाई. म्हणून हान नदीपलीकडच्या उंच इमारतीतल्या मोठ्या कंपनीने बोलावलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली.

खोईकाकांना वाईट वाटलं. तरी ते म्हणाले, "जा पोरी, खुशाल जा. पण खाट घेऊन जा. मागे ठेवलीस तर आम्ही रोज दाराकडे बघत बसू."

मित्रांनो, मला मोठी कचेरी आवडली. उगाच खोटं कशाला बोलू? गार हवा, गुळगुळीत फरशी, आणि जेवणं आटोपली की सगळे दिवे एकदम मालवायचे. मग माझ्यासारख्या खाटाच खाटा उघडत, लांबच लांब रांगेत. एवढं गणगोत मी जन्मात बघितलं नव्हतं. दिएपही खूश होती. लग्न कधी करणार, भात का उरला, असं तिला कोणीच विचारत नसे.

आड आला तो माझा आवाज. त्या शांततेत मी करकरले की आजूबाजूची डोकी वर होत आणि दिएप लाजेने अर्धी होई. एके दिवशी तिने तेलाची कुपी आणली, माझा सांधा न् सांधा भिजवला आणि मला छपाईच्या मोठ्या यंत्रामागच्या कोपऱ्यात नेलं. मी एकदम गप्प झाले. माझी इतकी निगा कोणी घेतली नव्हती, त्यामुळे मी हुरळूनच गेले.

आणि तिथेच घात झाला. एका दुपारी दिएपच्या अंगात कणकण होती. फोन टेबलावरच विसरून ती झोपली ती झोपलीच. दिवे लागले, खाटा मिटल्या, यंत्रापलीकडे पावलं वाजली, कोणीतरी मोठ्याने हसलं. दिएप दोनदा कुशीवर वळली. एरवी मी केवढ्याने करकरले असते! पण तेल प्यायलेली मी, माझ्या तोंडून चकार शब्द निघेना.

दिवस कलल्यावर सफाईवाल्या मावशी आल्या. "अगं बया! तू इथेच राहतेस की काय?"

दिएप धडपडत आपल्या टेबलाशी गेली. शेजारची मुलगी घरी जायला निघाली होती. ती हसून म्हणाली, "आज वरच्या मजल्यावर काम होतं वाटतं?" साहेब तर काही बोललेच नाहीत. ते रागावले असते तरी चाललं असतं. पण अर्धा दिवस ती नव्हती आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. जिन्यात तिला रडूच कोसळलं.

तिने मला दुचाकीला बांधलं आणि पूल ओलांडून थेट शिंप्याच्या दुकानावर आली. आपली जागा परत मिळेल का, एवढंच तिच्या मनात होतं. दार उघडलं आणि आम्ही दोघी उंबऱ्यातच थबकलो. नकाशाच्या टेबलाखाली एक कोरी निळी खाट टेकवून ठेवलेली होती. आमच्या जागी नवी मुलगी लागली होती.

"जागा नाही गं आता," खोईकाका हळूच म्हणाले.

"मी जिन्यात झोपतो की!" तोआनदादा म्हणाला.

"नको. जिना कोसळेल," लुयेनताई म्हणाल्या. त्यांनी आधी दिएपच्या कपाळाला हात लावून बघितला, गरम पेज पुढे ठेवली, सगळी हकिकत ऐकून घेतली. मग विचारलं, "इथे तुला मी उठवायचे. तिथे कोण कोणाला उठवतं?"

"कोणी नाही. ज्याचा त्याचा फोन वाजतो."

"मग तुझा अंगठा काय झिजलाय?"

ताप उतरल्यावर दिएप कामावर गेली. मला तिने पुन्हा रांगेत मांडलं. दुपारचे दिवे लागले तेव्हा शेजारचे चष्मेवाले गृहस्थ अजून गाढ झोपेत होते. तिने इकडेतिकडे बघितलं आणि अंगठ्याने त्यांच्या खाटेला ढोसलं. "उठा हो, तुमची इमारत बांधून झाली, लोक राहायलासुद्धा आले!"

ते दचकून उठले. मला वाटलं, आता बसणार बोलणी! पण ते डोळे चोळत म्हणाले, "माझी आई अशीच उठवायची." दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी झोपण्याआधीच म्हणाली, "मलाही उठव हं."

आता आमच्या रांगेत कोणी नुसतं उठत नाही, टोमणा खाऊनच उठतं. दिएप फोनवर हळू बोलते तो कोण, तेही सगळ्यांना कळलंय. दिएप पुन्हा वैतागते. पण ताटात भात उरत नाही, आणि मला तर नदीच्या दोन्ही काठांचं सुख एकाच जागी मिळालंय.

माझं तेल केव्हाच वाळून गेलं. परवा दिएप जरा जास्तच झोपली. दिवे लागले, खाटा मिटू लागल्या. तेवढ्यात कोणाचा तरी अंगठा माझ्या पायाला लागला आणि मी जीव तोडून करकरले.

"ऊठ गं बाई, तुझं लग्न लागून गेलं!" चष्मेवाले ओरडले, आणि अख्खी रांग हसली.

कचेरी लहान बरी की मोठी, ते तुमचं तुम्ही ठरवा, मित्रांनो. माझं मागणं थोडंच आहे. कापड उसवलं तर टाके घाला, मला पावसात बाहेर टाकू नका, आणि तेल बेतानेच घाला. आणि दिवे लागल्यावर कामाला पळण्याआधी एकदा मागे वळून बघा, कोपऱ्यात कोणी झोपलेलं राहिलं नाही ना.