नुसत्या ओठांचं बोलणं

आमच्या तेलंगणातल्या सिरसिल्लात बहिरं कोण आणि धडधाकट कोण, हे ओळखायला फार हुशारी लागते. सगळं गाव यंत्रमागांवर जगतं. माझ्या घरात मागच्या खोलीत चार माग आणि पडवीत माझं सुताच्या कांड्या भरायचं मशीन. सकाळी सहाला खडखडाट सुरू झाला की दिवे लागेपर्यंत थांबत नाही. त्या गदारोळात घसा फोडून उपयोग नसतो, म्हणून आम्ही कुणी ओरडतच नाही. ओठ हलवायचे, हात करायचे, समोरच्याने बघून समजून घ्यायचं. भाकरी झाली, सूत तुटलं, पाहुणे आले, मर तिकडे, सगळं असंच. बारा वर्षांची होते तेव्हापासून मी कांड्या भरतेय. मधली अकरा वर्षं भिवंडीत काढली, तिथेही मागच. म्हणजे पंचेचाळीस वर्षं मी नुसत्या ओठांनी भांडतेय आणि एकदाही हरलेली नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही मला शिव्या घालणार आहात. घाला, पण पूर्ण ऐकून घाला.

माझी नात अठ्ठाविसाव्या आठवड्यातच झाली. साडेनऊशे ग्रॅम. तेवढ्या वजनाची वांगी मी बाजारातून पिशवीत टाकून आणते आणि हातालाही कळत नाही. करीमनगरच्या दवाखान्यात त्रेपन्न दिवस ती काचेच्या पेटीत होती, आणि आम्ही बाहेर बाकावर. माझ्या लेकाने, तिरुपतीने, फोनवर शोधून तिचं नाव रित्विका ठेवलं. माझी जीभ त्या नावाला वळत नाही. मी आपली तिला बिड्डा म्हणते, लेकरू.

घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर तीन गोष्टी लिहून दिल्या. छाती नाजूक आहे, जपा. पाय कडक आहेत, उशिरा चालेल, व्यायाम घ्या. आणि सहा महिन्यांनी कान तपासून घ्या. पहिल्या दोन गोष्टी आम्ही देवाचं काम समजून केल्या. तीन वेळा न्यूमोनिया झाला, एकदा तर श्वासाचं मशीन लावावं लागलं, तरी पोरगी वाचवली. पायांना रोज तेल लावून, ताणून, पट्ट्यांचे बूट चढवून तिला भिंतीला धरून उभी राहायला शिकवली. राहिली तिसरी गोष्ट. ती माझ्यामुळे राहिली.

माझी सून सौजन्या भातशेतीच्या गावातली. तिच्या माहेरी इतकं शांत असतं की मला तिथे झोपच लागत नाही. पोरगी वर्षाची झाली तेव्हा ती मला म्हणाली, "अत्तम्मा, मागून हाक मारली तर ही वळत नाही."

मी म्हटलं, या घरात मागून हाक मारल्यावर वळतं कोण? तुझा नवरा वळतो का?

आणि खरंच, मला शंका यायला जागाच नव्हती. मी ओठांनी दूध म्हटलं की ती तोंड उघडायची. ये म्हटलं की बुडावर घसरत यायची. रागावले तर खालचा ओठ बाहेर काढायची. माझ्या तोंडाकडे अशी टक लावून बघायची की एक शब्द सुटत नसे. अख्ख्या गल्लीत मी मिरवत होते की नात मागवाल्यांच्या घरात शोभते, इशाऱ्यावर समजून घेते. जिला ऐकू येत नाही तिला एवढं कळेल का, असं मी सुनेला चार बायकांसमोर विचारलं. दोन वर्षांची झाली तरी पोरगी बोलेना, तेव्हाही मी म्हटलं की अशक्त आहे, बोलेल सावकाश. सौजन्याने सांगितल्यावरही तो कागद रेशन कार्डाच्या डब्यात दीड वर्ष तसाच पडून राहिला.

संक्रांतीला सौजन्या पोरीला घेऊन माहेरी गेली आणि तिथून मला न विचारता थेट करीमनगरला. परत आली तेव्हा चारही माग चालले होते. पडवीत माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने नुसते ओठ हलवले. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. ढोल वाजला तर कळेल, माणसाचं बोलणं नाही. मला पहिल्याच फटक्यात समजलं. माझं मशीन मी बंद केलं. चूक झाली म्हणायचं होतं, पण तोंडातून निघेना.

कान तपासणाऱ्या शाहीन मॅडम तरुण, पण करारी बाई. त्यांनी पोरीच्या दोन्ही कानांना मशीन लावलं आणि सांगितलं की तीन महिने बघू. बोलण्याकडे तिचं लक्ष जायला लागलं तर हेच मशीन पुरे. नाही गेलं तर हैदराबादला नेऊन ऑपरेशन, कानामागे चिरून आत यंत्र बसवायचं. लोकांची पोरं ते ऑपरेशन करून चौथ्या दिवशी खेळतात. पण आमची छाती नाजूक. भूल देणाऱ्या डॉक्टरने तिरुपतीला स्पष्ट सांगितलं होतं की या मुलीला झोपवायला मला भीती वाटते. आणि थांबायचं म्हटलं तर बोलणं शिकायचं वय निघून जाणार. म्हणजे एकच गोष्ट हवी होती, कानावरच्या त्या मशीनने काम करायला हवं होतं. मी पोचम्माला नवस केला, मल्लन्नाला केला, आणि शाहीन मॅडमच्या देवालाही हात जोडून ठेवले.

मॅडमनी बजावलं होतं की मागांच्या खडखडाटात मशीन घालू नका, शांत जागी न्या, आणि तिच्याशी बोला, बोला, बोला. मी म्हटलं, पाप माझं आहे, मीच फेडीन. माझ्या कांड्या सौजन्याच्या गळ्यात घातल्या आणि रोज सकाळी पोरीला कडेवर घेऊन पोचम्माच्या देवळात जायला लागले. कडुनिंबाखाली पारावर बसायचं, तिला समोर घ्यायचं आणि बोलायचं. शेळ्या दाखवायच्या, पुजारणीच्या पातळ ताकाबद्दल सांगायचं, तिचा बाप लहानपणी कसा रडका होता ते सांगायचं. दिवसाला दोन-दोन तास, वर घरी असेल ते वेगळं. सौजन्या दिवसभर मशीनवर. संध्याकाळी ती मोकळी होईपर्यंत पोरगी पेंगायला लागलेली असायची.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. मॅडमनी मागून खुळखुळा वाजवला, टाळी वाजवली, तेव्हा पोरगी जरा चमकली. पण बोलण्याला काहीच नाही. हाक मारली, नाही. आई म्हटलं, नाही. मॅडमनी हैदराबादचा कागद काढला.

पेन उघडता उघडता मॅडमनी विचारलं की दिवसातून किती वेळ बोलता तिच्याशी. मी छाती पुढे काढून सांगितलं, दोन तास सकाळी, आणि घरी वेगळं. त्या म्हणाल्या की कसं बोलता ते दाखवा बरं. मी पोरीला मांडीवर समोर घेतलं आणि नेहमीसारखी सुरू झाले. शेळी, कडुनिंब, पुजारीण, ताक. पोरगी माझ्या तोंडाकडे बघून खुदखुदत होती. मॅडमचं पेन हातातच राहिलं.

"अव्वा, आवाज कुठाय?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, हा काय, बोलतेय की.

सौजन्याला आधी कळलं. तिने कपाळाला हात लावला. "अत्तम्मा, तुमचे नुसते ओठ हलतायत."

देवाशपथ सांगते, मला पत्ता नव्हता. दुकानदाराशी, पुजारणीशी, डॉक्टरशी मी आवाजातच बोलते. आवाज परक्यांसाठी, घरच्यांसाठी ओठ, ही आमची जन्माची सवय. आणि नातीपेक्षा घरचं कोण असतं? मॅडमनी लगेच माझेही कान तपासले. अर्धे गेलेले निघाले. मला वाटत होतं की माझा आवाज मला ऐकू येतोय, पण ते माझ्या डोक्यातलंच होतं. तीन महिने मी त्या पोरीसमोर सकाळ-संध्याकाळ मुकी बसले होते.

सौजन्या कधी माझ्यापुढे तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. "दीड वर्ष तुम्ही मला खोटं पाडलंत. आणि आता हे तीन महिने."

मी मान खाली घातली. चुकलं माझं, म्हटलं.

"आवाजात सांगा," ती म्हणाली.

तेव्हा कळलं की हेसुद्धा मी ओठांनीच म्हटलं होतं. मग आवाजात म्हटलं. मॅडमसमोर, बाहेर नंबर लावून बसलेल्या लोकांना ऐकू जाईल असं. तिने पोरीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं नाही.

मॅडम मात्र हसायला लागल्या. म्हणाल्या की मशीन नापास झालेलं नाही, परीक्षाच झालेली नाही अजून. सहा आठवडे आणखी देते, पण आता आवाज हवा, आणि तोंडावर पदर घेऊन बोला, म्हणजे ती ओठ वाचणार नाही. हैदराबादचा कागद त्यांनी टेबलावरच ठेवला, फाडला नाही.

घरच्या माणसाशी आवाजात बोलायचं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळणार. मला लाज वाटायची. पहिल्या दिवशी कडुनिंबाखाली पदर तोंडावर घेतला आणि बिड्डा म्हणून हाक मारली, तर पुजारीण धावत बाहेर आली. राजव्वाच्या, म्हणजे माझ्या, अंगात आलं म्हणून तिने गल्लीभर केलं. या वेळी सौजन्याही रोज यायची. कांड्या तिरुपती भरायचा, माग सांभाळून. इतक्या ढिल्या भरायचा की दर पाच मिनिटांनी सूत तुटायचं, आणि मी त्याला एक शब्द बोलले नाही. यावरून समजा मी केवढी बदलले होते. पोरगी मात्र वैतागायची. माझा पदर ओढून काढायची, तोंड दिसेना म्हणून रडायची. सहा आठवडे गेले आणि एक अक्षर तिच्या तोंडून बाहेर पडलं नाही.

शेवटच्या तपासणीला तिरुपती आत यायलाच तयार होईना. बाहेर दाराशी उभा राहिला. मॅडमनी पोरीला आईच्या मांडीवर बसवलं, पुढ्यात लाकडी खुंटी आणि रंगीत चकत्या दिल्या. मला तिच्या पाठीमागे चार हातांवर बसवलं. म्हणाल्या, "अव्वा, देवळात बोलता तसं बोला. मी सांगेपर्यंत थांबू नका."

मी सुरू केलं. बिड्डा, आज शेळ्या आल्या नव्हत्या गं. बिड्डा, तुझा बाप कांड्या कशा भरतो बघितलंस ना. ती खुंटीत चकती घालत होती, वळली नाही. मी आवाज वाढवला. पुजारणीचं ताक, नदीतलं पाणी, आणलेले नवे बूट. वळली नाही. मॅडम तिच्या तोंडाकडे बघत होत्या, सौजन्या जमिनीकडे. तो हैदराबादचा कागद मला इथूनही दिसत होता. मग मला काही सुचेना आणि मी भलतंच बोलत सुटले. ऐक गं माझे आई, तुझ्या आजीचं चुकलं, दीड वर्ष वाया घालवलं, तुझी आई सांगत होती तर तिला गप्प केलं, मला कापा हवं तर, हिला नका कापू, एवढीशी छाती आहे हिची, ऐक गं, एकदा ऐक. मी रडत होते आणि बोलत होते आणि थांबता येत नव्हतं.

पोरीने चकती हातातच धरली. मागे वळलीच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. खुंटीकडे बघत, जाड, नाकातल्या, कधी न ऐकलेल्या आवाजात, चांगली कपाळाला आठी घालून ती म्हणाली, "चालु."

आमच्या तेलुगूत चालु म्हणजे पुरे, बास झालं. हा शब्द ती कुठे शिकली ते मला ठाऊक आहे. पारावर मी बोलत सुटले की तिची आई मला हेच म्हणायची.

मग सौजन्या हसली. रडत रडत इतकी हसली की पोरगी तिच्या मांडीवर गदागदा हलायला लागली. माझा हात तिने घट्ट धरला होता, कधी धरला कुणास ठाऊक. मॅडमनी डोळे पुसले आणि हैदराबादचा कागद फाडून टोपलीत टाकला. तीन वर्षं माझ्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि मला धड श्वास घेता आला.

बाहेर तिरुपती उभाच होता. त्याला काय आणि कसं सांगावं कळेना. तो भिवंडीत जन्मलेला, तिथल्या शाळेत शिकलेला. बंद पडलेला माग दुरुस्त झाला की तिथला जॉबर हात पुसत यायचा आणि एकच शब्द सांगायचा, आणि त्या शब्दावर आमचा जीव भांड्यात पडायचा.

मी दार उघडलं आणि लेकाला मराठीत सांगितलं, "चालू."

तो तिथेच मटकन खाली बसला.