बंबाखालची राख

मी सोमल बोलतोय. हिंदीत मला संखिया म्हणतात, प्रयोगशाळेत आर्सेनिक. राजांच्या दुधात मी गेलोय, वैद्यांच्या खलात घोटला गेलोय, मेलेल्या जनावरांची कातडी टिकवलीय. मला चव नाही, वास नाही. माणसांना माझा हाच गुण फार आवडतो.

मुलुंडला माझं काम अगदीच किरकोळ होतं. एका कारखान्यात पाणी थंड करायचा लाकडी मनोरा होता. लाकूड किडू नये म्हणून त्याच्या फळ्यांत मला मुरवलं होतं. वाळवीने कधी तोंड लावलं नाही. तेवढी अक्कल तिला होती.

चौऱ्याऐंशी साली मनोरा पाडला. गुणाजी तिथला वॉचमन, गिरणी सुटलेला मालवणी माणूस. हिरवट फळ्या फुकट मिळतायत म्हटल्यावर त्याने त्या हातगाडीवर लादून चाळीत आणल्या.

"बघ गो, वाळवी पण लागूक नाय," तो बायकोला म्हणाला.

रुक्मिणी हरखली. अंघोळीच्या बंबाला वर्षभराचं सरपण झालं.

लाकूड जळलं. मी कुठला जळतोय! थोडा धुरातून गेलो, बाकीचा राखेत बसलो. रुक्मिणीने ती राख फडक्यातून गाळून डब्यात भरली. भांडी राखेने घासायची आणि दातही राखेनेच, ही तिची माहेरची सवय. सहा वर्षांच्या मालनच्या दातांवरून रोज सकाळी ती स्वतः बोट फिरवायची.

"आये, जीभ चुरचुरता."

"नाटकां करू नको. आ कर!"

मला हसू यायचं. आईच्या बोटाइतकी सोपी वाट मला राजवाड्यातसुद्धा मिळाली नव्हती.

मालनला उलट्या सुरू झाल्या. केस गळाले, तळहात खरखरीत झाले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात उंदरांचं औषध ठेवता का?"

"नाही हो. तसलं काही मी घरात आणतच नाही," रुक्मिणी म्हणाली. खरंच बोलली बिचारी.

डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतार पडेना. "चेडवाक दृष्ट लागली," म्हणत तिने देवाचं नाव घेतलं, डब्यातली राख मालनच्या कपाळाला लावली आणि मूठभर राख पेल्यातल्या पाण्यात कालवली. पोरीने तोंड फिरवलं. गुणाजीने तिचे हात धरून ठेवले. पेला रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी मालन गेली. ओरडून सांगावं असं मला एकदाही वाटलं नाही.

आता मी मोरीजवळच्या डब्यात आहे, निम्मा उरलोय. तुम्हाला दया आली असेल तर चाळीत जाऊन हा डबा गटारात ओता. मला त्याचं काही वाटणार नाही. पण लवकर जा. सुतक फिटलंय, आणि मालनच्या धाकट्या भावाला, जयवंतला, पुढचे चार दात आलेत. आज सकाळी रुक्मिणीने त्याला मांडीवर घेतलं, छातीशी घट्ट धरलं.

"तू तरी माका सोडून जाऊ नको रे झिला," ती म्हणाली, आणि तिने राखेत बोट बुडवलं.