नायट्याचं कोड

केवळाबाई गाडीत न बसण्यात शेषेरावांचा फायदा काय होता, तो आधी मांडायला हवा. पहिला फायदा ड्रायव्हरशेजारच्या खुर्चीचा. दुसरा माइकचा. तिसरा, आणि सगळ्यात मोठा, 'गुरुजी' या हाकेचा. एकतीस वर्षं नांदेडच्या एका शाळेत शिपाई म्हणून त्यांनी घंटा दिली. तिथं मुख्याध्यापकांपासून चौथीच्या पोरापर्यंत सगळे त्यांना 'शेषेराव' म्हणत, आणि घाईत असले की नुसतंच 'ए'. निवृत्तीनंतर मात्र दर रविवारी 'माहूर-उनकेश्वर, एक दिवसाची सहल' अशी पाटी लावलेल्या मिनीबसमध्ये बावीस माणसं त्यांना गुरुजी म्हणत होती. हे सगळं ज्या गोष्टीच्या जोरावर चाललं होतं, ती गोष्ट केवळाबाईंची होती. फक्त केवळाबाईंना ती कुणी सांगितली नव्हती.

म्हणून सात वर्षं त्यांच्यासाठी गाडी 'फुल' असायची.

"आज बी फुल हाय का?" पहाटे गाडीच्या दारात उभं राहून केवळाबाईंनी विचारलं. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात धपाट्यांचा डबा. "गाडीमालकाचा फोन आलता मला. सुदर्शन म्हनला, काकू, एक सीट रिकामी हाय, देवीचं दर्शन करून या."

शेषेराव माइकची वायर सोडवत होते. ती सुटलेली होती, तरी सोडवत राहिले.

"तुला झेपंल का? लई पायऱ्या हायत."

"घरातलं समदं झेपतंय की. पायऱ्याच तेवढ्या जड झाल्या व्हय?"

"बसा हो वहिनी, बसा," ड्रायव्हर नागप्पा हसत म्हणाला. तो देगलूरकडचा, मराठी बोलता बोलता मध्येच कानडी मारणारा. "अय्यो, सात वर्षं झाली, गुरुजीनं तुम्हाला लपवून ठेवून राहिले की!"

अर्धापूर गेलं, केळीच्या बागा मागं पडल्या. शेषेरावांनी माइकवर गावांची नावं सांगितली, माहूरगडाची गोष्ट सांगितली, पुढं किती घाट आहे ते सांगितलं. सगळं नेहमीपेक्षा लांबवलं. हदगावला चहा झाला की केवळाबाईंच्या गोष्टीची वेळ असे. आज चहानंतर त्यांनी हदगावच्या कापसावर बोलायला घेतलं. सोयाबीनवर आले. मागं वळून पाहिलं तर केवळाबाई शेजारच्या बाईला धपाटं देत होत्या आणि ती बाई "काय चव आहे हो हाताला!" म्हणत होती. केवळाबाई खुशीत होत्या. सोयाबीन संपलं.

ही गोष्ट मुळात अगदी लहान होती. सात वर्षांपूर्वी केवळाबाईंच्या कोपराजवळ नायटा उठला. शेषेरावांनी दुकानातून मलमाची नळी आणली आणि त्याच आठवड्यात उनकेश्वरच्या गरम पाण्याची एक बाटलीही भरून आणली. नायटा गेला. माइकवर त्यांनी मलम तेवढं वगळलं. सहलीला निघालेल्या माणसांना मलमाचं काय सांगायचं? पुढं 'नायटा' हा शब्द लोकांच्या खाण्याच्या वेळी बरा वाटेना, म्हणून त्याचा 'डाग' केला. मग एकदा मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, "गुरुजी, पांढरे डाग का?" सगळी गाडी गप्प झाली होती. शेषेरावांचं ऐकायला असं कुणी कधी गप्प झालं नव्हतं. ते म्हणाले, "हाव."

त्यानंतर गोष्ट आपोआप भरत गेली. डॉक्टरांनी हात टेकले. औषधं बंद केली. पाच महिने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुंडात आंघोळ. पाच हा आकडा शेषेरावांनीच बसवला. तीन फार थोडे वाटले, आणि सात म्हटलं असतं तर माणसं आलीच नसती. गेल्या वर्षी एका पोरानं ती गोष्ट मोबाइलवर उतरवून घेतली आणि ती गावोगावच्या ग्रुपांवर फिरली. तेव्हापासून पहिल्या रविवारी गाडीत फुल हातांचे झंपर घातलेल्या बाया आणि तोंडाला स्कार्फ बांधलेल्या मुली दिसू लागल्या.

आजचा पहिलाच रविवार होता.

"गुरुजी, आज काकूंची गोष्ट नाही का?" तिसऱ्या सीटवरून विनीता म्हणाल्या. या अहमदपूरच्या, नवरा तिथंच तहसीलमध्ये नोकरीला. शनिवारी नांदेडला बहिणीकडं मुक्काम करून रविवारी सहलीला यायच्या. शेजारी एकोणीस वर्षांची भार्गवी, खिडकीकडं तोंड करून. "आज आमचा पाचवा महिना. ऐकली की तेवढाच धीर येतो."

"आज ऱ्हाऊ द्या. घसा बसलाय."

"वहिनी गाडीत हायत म्हणून लाजून राहिले!" नागप्पानं आरशातून डोळा मारला, आणि तिथंच सगळं संपलं.

"अगोबाई, ह्याच का त्या काकू?" विनीता उठल्याच. चालत्या गाडीत सीटांना धरत धरत त्या केवळाबाईंपर्यंत गेल्या आणि त्यांचा हात हातात घेतला. "काकू, तुम्हाला बघायचंच होतं मला. तुमच्यामुळं येतो आम्ही. ह्या हातावर होते का हो? कोड आलं होतं म्हणून ओळखूसुद्धा येत नाही आता!"

बावीस माना वळल्या. केवळाबाईंनी आधी आपल्या हाताकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. शेषेरावांच्या हातातला माइक चालूच राहिला होता. त्यांचा श्वास सगळ्या गाडीला ऐकू येत होता.

तो श्वास केवळाबाईंनी थोडा वेळ ऐकला.

"हाव," त्या म्हणाल्या. "व्हते."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "आई रेणुकेचा उदो" झाला. शेजारच्या बाईनं हातातलं अर्धं धपाटं हळूच कागदात गुंडाळलं आणि कागद सीटखाली सरकवला. ते शेषेरावांनीही पाहिलं आणि केवळाबाईंनीही. केवळाबाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि पदर कोपराखाली ओढून घेतला.

माहूरला पायऱ्या चढताना शेषेराव मुद्दाम मागं राहून त्यांच्या बरोबर आले. केवळाबाई एकेका पायरीला गुडघ्यावर हात टेकत होत्या.

"दयानंदची माय, ऐक की."

"चढू द्या."

"मी नायटाच म्हनलो व्हतो गं पयल्यांदा. मग शब्द वाढत गेला."

"शब्द सोताहून वाढतो व्हय? शेवग्याचं झाड हाय का ते?" त्या थांबल्या, दम घेतला. "मलम लावून गेला ना तो नायटा?"

"हाव."

"नळी तुमीच आनली व्हती ना?"

"हाव."

"मग आता आईम्होरं हात जोडून काय म्हनू? माझं कोड बरं केलंस, असं म्हनू? का तुमचं तोंड बरं कर म्हनू?"

शेषेरावांना एक सवय होती. पायऱ्यांवर कुणी काहीही विचारलं, पायऱ्या किती, गड कुणी बांधला, पाणी कुठून येतं, तरी त्यांच्याकडं उत्तर तयार असे. माहीत नसलं तर चढता चढता तयार होई. आज ते सरळ देवळाच्या दाराशी पोचले, आणि गर्दीत केवळाबाईंची ओटी हातात धरून उभे राहिले. केवळाबाईंनी देवीला काय सांगितलं ते त्यांना ऐकू आलं नाही. पण बाहेर आल्यावर त्यांनी कुंकू लावलं तेव्हा त्यांचं बोट शेषेरावांच्या कपाळावर नेहमीपेक्षा जोरात दाबलं गेलं.

उनकेश्वरला पोचायला ऊन डोक्यावर आलं. गंधकाचा वास गाडीतूनच येऊ लागतो. नवखे नाकाला रुमाल लावतात आणि जुने त्यांना हसतात. एरवी शेषेराव या वासावरही पाच मिनिटं बोलत. आज नुसतं म्हणाले, "बायांचं कुंड डावीकडं. फार येळ बसू नका, चक्कर येते."

पुरुष मंडळी पाण्यात उतरली. शेषेराव बायकांच्या कुंडाच्या आडभिंतीपाशी, सावलीत, लोकांच्या चपला राखत बसले. चपला राखणं ही त्यांची सबब. भिंत छातीएवढीच होती आणि वाफेबरोबर आवाज वर येत होते. कुणी "चटका बसला गं!" म्हणून ओरडली, कुणी हसली. मग विनीतांचा आवाज आला.

"काकू, कितव्या महिन्यात फरक दिसला हो तुम्हाला? आमचं तर मेलं वाढल्यासारखंच दिसतंय. भुवईचा डाग पापणीवर आलाय."

पाण्याचा आवाज झाला. केवळाबाई म्हणाल्या, "पोरी, ये इकडं. बघू तोंड. औषध चालू हाय न्हवं?"

"बंद केलंय," हा आवाज भार्गवीचा. सहलीत पाच महिन्यांत शेषेरावांनी तो पहिल्यांदाच ऐकला. "लातूरच्या डॉक्टरांकडं डागांवर लाइटची ट्रीटमेंट घ्यायची मी. भुवईत रंग यायला लागला होता, बारीक बारीक ठिपके. मग आईनं व्हिडिओ बघितला. त्यात गुरुजी म्हणतात ना, औषधं बंद केली म्हणून गुण आला."

"असं म्हनत्यात ते?"

"तुमचंच सांगतात की काकू."

शेषेराव चपलांच्या जोड्या लावत होते. लावलेल्या पुन्हा लावत होते. आता उठून जाता आलं असतं. पण सात वर्षं लोक त्यांचं ऐकत आले होते, आणि ऐकायची पाळी आज त्यांची होती.

"मी आज पयल्यांदाच आले हितं," केवळाबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हंजी ह्या पान्यात मी कधी पाय बी बुडवला न्हाई. मला कोड नव्हतं बाई. नायटा व्हता, रुपयाएवढा. मलमानं गेला. आमचे मालक बोलत्यात लई. खोटं बोलत्यात."

"मग सकाळी गाडीत हो का म्हणालात?" विनीतांचा आवाज चिरकला. "एवढ्या माणसांत? तोंड वर करून?"

"गाडीत ते हुबे व्हते," केवळाबाई म्हणाल्या. "हितं ही पोर हुबी हाय."

पुढचं विनीता काय बोलल्या ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. ते बोलणं केवळाबाईंना बसलं, आणि होतं ते शेषेरावांच्या वाट्याचं.

सगळ्यात आधी भार्गवी बाहेर आली. ओले केस, स्कार्फ हातात. चपला शोधत ती शेषेरावांसमोर येऊन उभी राहिली, आणि त्यांनी पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा पाहिला. डावी भुवई अर्धी पांढरी. पापणीचे केसही पांढरे.

"काका," ती म्हणाली. गुरुजी नाही. "डॉक्टरांना काय सांगू? ते म्हणाले होते एक आठवडा चुकवू नको. पाच महिने कुठं होतीस विचारतील."

"माझं नाव सांग, पोरी."

तिनं क्षणभर खरंच विचार केला. "कोण शेषेराव, म्हणतील," ती म्हणाली, आणि चपला घालून गाडीकडं गेली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. डॉक्टर काय म्हणतील, तेवढंच ती सांगत होती.

परतीला गाडी किनवटवरून निघाली. पाण्यानं सैलावलेली माणसं भोकरपर्यंत माना टाकून झोपली. विनीता डोळे मिटून, पण जाग्या होत्या. भार्गवी आपली सीट सोडून केवळाबाईंशेजारी जाऊन बसली होती. ती जागा रिकामी झाली होती, कारण सकाळची धपाटेवाली बाई उनकेश्वरनंतर पुढं भार्गवीच्या जागेवर सरकली होती.

शेषेरावांनी माइक घेतला. नागप्पानं आरशात पाहिलं.

"केवळाबाईंना," ते म्हणाले, "कोड नव्हतं. नायटा व्हता."

आवाज एवढा खाली होता की इंजिनानंच तो खाऊन टाकला. सगळे झोपलेले असताना कबुली देण्यातला फायदाही शेषेरावांनी हेरला होता, हे कबूल करायला हवं.

"ऐकू न्हाई आलं," मागून केवळाबाई म्हणाल्या.

नागप्पानं गाडी हळू केली. मग बाजूला घेऊन थांबवली. इंजिन बंद झालं तशा पाचसहा माना वर झाल्या.

"काय झालं? पंक्चर का?"

"न्हाई," शेषेराव म्हणाले. त्यांच्या हातातला माइक आता गरज नसताना चालू होता. "माझ्या बायकोला कोड नव्हतं. नायटा व्हता. मलमानं गेला. मी खोटं बोललो. ज्यांनी औषध बंद केलंय, त्यांनी उद्याच्या उद्या चालू करा."

गाडी गप्प झाली. अगदी तेव्हासारखीच, मागच्या सीटवरून 'पांढरे डाग का?' हा प्रश्न आला होता तेव्हासारखी. फक्त या वेळी त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं.

"च्यायला, शिपायाची जात," पुढून त्यांची शाळा माहीत असलेला एकजण पुटपुटला. धपाटेवाल्या बाईनं मागं वळून आपल्या सकाळच्या सीटखालच्या कागदाकडं पाहिलं आणि पुन्हा पुढं तोंड केलं.

शेषेरावांनी माइक बंद केला, वायर नीट गुंडाळली आणि नागप्पाच्या मांडीवर ठेवली. मग ड्रायव्हरशेजारची खुर्ची सोडून मागं आले. बसायला जागा नव्हती. भोकर ते नांदेड ते दांडीला धरून उभे राहिले.

केवळाबाईंनी डबा उघडला. धपाटे गार, कडक झाले होते. भार्गवीनं विचारल्याशिवाय एक उचललं, अर्धं मोडलं आणि अर्धं त्यांच्या हातावर ठेवलं. दोघी खिडकीबाहेर बघत खात होत्या. शेषेरावांकडं डबा कुणी केला नाही, आणि त्यांनीही हात पुढं केला नाही.

आता शेवटची बेरीज. पोरीचे पाच महिने गेले आणि भुवईतले ते बारीक ठिपके गेले. केवळाबाईंनी दिवसात दोनदा भरलं, एकदा हो म्हणून आणि एकदा नाही म्हणून. शेषेरावांच्या बाजूनं गेला तो एक माइक, आणि तोही गाडीमालकाचा होता.