आठवा चौकोन

कन्याशाळेच्या मैदानावर आठ मुली गेल्या मार्चपासून बसून होत्या, कारण त्यांना कुणी खो दिला नव्हता.

तालुक्याचा अंतिम सामना होता तो. शेवटचा डाव, नववं मिनिट. पाहुण्या शाळेची एकच मुलगी बाद व्हायची राहिली होती. ती बाद झाली की सामना जिंकला. तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा लावलेली जीप आली आणि साथ आल्याचं, सगळं बंद झाल्याचं सांगून गेली. पंचांनी चपला घातल्या. प्रेक्षक उठले. पाठलाग करणारी नववी मुलगी खो द्यायला हात पुढे करून धावत होती, तिला तिच्या आईने तसंच उचलून स्कूटरवर बसवलं आणि मामाच्या गावी नेलं. राहिल्या त्या आठ. त्यांना घोरपडे सरांनी, म्हणजे शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी, पाचवीपासून एकच गोष्ट शिकवली होती: पाठीला बोटं लागल्याशिवाय आणि कानावर खो पडल्याशिवाय बूड हलवायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. मुली गुणी होत्या. आभाळ कोसळलं आणि त्या हलल्या नाहीत.

सामना थांबला की घड्याळ थांबवायचं, हे वेळाधिकाऱ्याचं काम. ते त्या दिवशी यशवंत सबनीसांनी केलं. सबनीस शाळेचे निवृत्त ग्रंथपाल, वय एकाहत्तर. उभ्या जन्मात त्यांनी एकही मैदानी खेळ खेळला नव्हता. म्हणूनच ते कुणाची बाजू घेणार नाहीत अशी सगळ्यांना खात्री होती आणि घड्याळ दरवर्षी त्यांच्या हाती येई. भोंगा वाजला तसे ते दचकले आणि अंगठा दाबला गेला. अकरा सेकंद उरले. अंगठा दाबला नसता तर अकरा सेकंदांनी डाव संपला असता आणि मुली उठून घरी गेल्या असत्या. हे सबनीसांनी कुणाला सांगितलं नव्हतं. अंगठा आपण दाबला की तो आपोआप दाबला गेला, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. घड्याळ तेव्हापासून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होतं, आणि मैदानावर तेव्हापासून त्याच दिवसाचे सव्वाचार वाजलेले होते. खांबांच्या सावल्या जिथल्या तिथे. कुंपणाबाहेर दिवाळी झाली, थंडी पडली. आत मार्चचं ऊन. आया चुन्याच्या रेषेशी उभ्या राहून वेळूच्या टोकाला डबा बांधून आत सरकवीत. चार मुलींची तोंडं रस्त्याकडे होती, चौघींची शाळेकडे. रस्त्याकडच्या शाळेकडच्यांना गावात काय चाललंय ते सांगत.

दिवाळीनंतर मुली जमिनीत मुरू लागल्या. आठवड्याला दोन बोटं, असं डॉक्टर खिलाऱ्यांनी पट्टीने मोजून सांगितलं. आठव्या चौकोनातली उर्मिला वाघमोडे सगळ्यांत लवकर खाली चालली होती. खो तिलाच मिळायचा होता. ती टाचा उचलून तयार होती, आणि सगळा भार चवड्यांवर घेतलेला माणूस लवकर रुततो. जानेवारीत ती कमरेपर्यंत गेली. तेव्हा शाळेने सभा बोलावली. विषय एकच: साथ चालू असताना शाळेचे खेळ पुन्हा सुरू करावेत किंवा नाही.

सभागृहात अकरा जण सहा सहा फुटांवर बसले. पहिला आक्षेप निघाला तसं टेबल सहा फुटांनी वाढलं. दुसऱ्या आक्षेपाला आणखी सहा. टेबलाबरोबर भिंती सरकल्या आणि भिंतींना नव्या खिडक्या आल्या. तिसऱ्या सभेपर्यंत दुसऱ्या टोकाच्या मुख्याध्यापिका दाभाडेबाई चिंचोक्याएवढ्या दिसू लागल्या. त्यांनी सकाळी वाचलेलं परिपत्रक सबनीसांपर्यंत दुपारच्या चहाला पोहोचे. सबनीसांना यात गैरसोय वाटली नाही. त्यांना उत्तर द्यायला नेहमीच वेळ लागायचा.

"खो म्हणजे काय ते आधी समजून घ्या," डॉक्टर खिलारे म्हणाले. ते जवळ, म्हणजे बारा खुर्च्या पलीकडे होते. "हात पाठीला लागला पाहिजे आणि तोंडाने ओरडलं पाहिजे. स्पर्श आणि श्वास, दोन्ही एकदम. याहून वाईट खेळ मला सुचत नाही."

"सुई टोचता तेव्हा काय लांबून फेकून मारता, डॉक्टर?" घोरपडे सर म्हणाले.

"हल्ली तेवढंच करायचं राहिलंय. माझा कंपाउंडर गेला, घोरपडे. बावीस वर्षं होता माझ्याकडे. त्याची नाडी मी हातमोज्यातून पाहिली. ती लागत नव्हती की हातमोजा जाड होता, ते मला अजून कळलेलं नाही."

या वेळी टेबल वाढलं नाही.

"काठीने दिला तर?" दाभाडेबाईंचा प्रश्न आला.

"काठीचा खो फाउल," घोरपडे सर म्हणाले.

"मग सबनीसांनी घड्याळ सुरू करावं," डॉक्टर म्हणाले. "अकरा सेकंद जाऊ द्यावेत. डाव संपला, शिट्टी वाजवली, पोरी घरी."

"घड्याळ सुरू केलं म्हणजे खेळ सुरू केला. तोच सुरू करायचा की नाही, हे तर ठरवायला बसलोय," कुणीतरी म्हणालं.

हे सगळ्यांना पटलं, आणि टेबल सहा फुटांनी वाढलं.

त्या वेळी सबनीसांच्या शेजारी एक खिडकी उगवली आणि तिच्यातून उर्मिलेची आई शेवंता आत डोकावली. ती बाजारात भाजी विकायची. पदर नाकावरून ओढून घेतलेला, डोळे तेवढे उघडे.

"गुरुजी, काय ठरलं का?"

"चर्चा चालू आहे."

"पोर कमरेपत्तुर गेली हुती, आता बरगडीला आलीय माती." ती आणखी आत वाकली. "तुमास्नी एक सांगू? तिचा बा गेला भादव्यात. ह्याच रोगानं. तिला ठावं न्हाई."

"सांगितलं नाही?"

"बसल्या माणसाला सांगू ने. उठली की सांगीन. आधी उठू तरी द्या." मग तिने त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. "तुमास्नी घड्याळ धरायला ठेवलं हुतं का पोरी धरायला?"

खिडकी मिटली. सबनीसांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मतदान झालं. खेळ व्हावेत, पाच. होऊ नयेत, पाच. दाभाडेबाईंनी विचारलं, "सबनीस सर, आपलं मत?" प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचायला दुपार उलटली. डॉक्टर बारा खुर्च्यांपलीकडून वाकून म्हणाले, "तुमच्या मिसेसना दमा आहे, विसरू नका." सबनीस विसरले नव्हते. सकाळी निघताना सुमतीने दारातच सांगितलं होतं, "कुणाला हात लावू नका हो. मला काही झालं तर तुम्हाला चहासुद्धा करता येत नाही." ती हसली होती आणि हसताना तिला धाप लागली होती. दोन्ही बाजू त्यांना खऱ्या वाटत होत्या. आयुष्यभर त्यांना असंच होत आलं होतं; पुस्तकं दोन्ही बाजूंची वाचली की माणूस मधल्या कपाटापाशी उभा राहतो.

"जरा मैदान पाहून येतो," ते म्हणाले.

उत्तराची वाट न पाहता ते उठले, कारण उत्तर यायला दोन दिवस लागले असते. दारापर्यंत चालताना त्यांना मध्ये तीनदा बसावं लागलं. बाहेर पडून ते कुंपणाला वळसा घालून रस्त्याच्या बाजूने मैदानात शिरले. तिथे सव्वाचार वाजले होते. रेषांवरच्या चुन्याच्या फक्कीचा वास येत होता. कमरेपर्यंत रुतलेल्या सात मुली ओळीने, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. आठव्या चौकोनात उर्मिलेची पाठ, काखेपर्यंत मातीत. तिच्या पुढे, शाळेच्या बाजूला, पाहुण्या शाळेची मुलगी गुडघ्यांवर हात ठेवून, पळायच्या तयारीत उभी होती. ती मार्चपासून तशीच उभी होती, फक्त तिला कुणी मोजलं नव्हतं.

"आजोबा, आटपा की," ती म्हणाली. "माझी बस चुकली."

"कोण आहे?" उर्मिलेने विचारलं. तिने मान वळवली नाही. बसलेल्या खेळाडूने वळायचं नसतं.

"मी. सबनीस."

"घड्याळवाले सर का? किती राहिलेत?"

"अकरा." त्यांनी खिशातून घड्याळ काढून पुन्हा पाहिलं. अकराच होते.

"पुष्कळ झाले. अकरात मी तिला धरते."

"धरली!" पाहुणी मुलगी म्हणाली.

"तू गप गं. सर, सातव्या चौकोनातली म्हणते, भादव्यात आमच्या घराकडे गाडी गेली. पांढरी. थांबली का ते तिला दिसलं नाही. वळता येत नाही ना." मग तिने विचारलं, "थांबली होती का?"

सबनीसांनी घड्याळ डाव्या हातात घेतलं. चुन्याच्या रेषेपलीकडे शेवंता उभी होती. तिने पदर नाकावर घट्ट धरला.

"बरं," उर्मिला म्हणाली. "मग खो द्या."

"मी खेळाडू नाही, बाळ. तो नववीने द्यायचा."

"नववी गेली. बदली चालतो."

"बदलीसुद्धा मुलगीच हवी."

"असं कुठं लिहिलंय?"

सबनीसांनी आठवून पाहिलं. नियमांचं पुस्तक त्यांच्याच ग्रंथालयात होतं, डावीकडून तिसऱ्या कपाटात. बदली खेळाडूचं पान कसरीने खाल्लं होतं. ते पान दुरुस्त करून घ्यायचं त्यांच्या मनात एकोणीस वर्षं होतं. कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी चपला काढल्या. जमीन तापलेली होती. ते तिच्या मागे दोन पावलांवर आले, मग एका पावलावर. जवळजवळ वर्षभर ते कुणाच्या इतक्या जवळ गेले नव्हते, सुमतीच्यासुद्धा नाही. ती आतल्या खोलीत झोपे आणि ते पुस्तकांत. उर्मिलेच्या पाठीवर घामाने चिकटलेला गणवेश होता आणि त्याच्या आत पाठ वरखाली होत होती. त्यांनी उजवा हात उचलला. तो पुढे करावा की मागे घ्यावा, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. तो पुढे गेला.

"खो," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं," उर्मिला म्हणाली.

त्यांनी आयुष्यभर ग्रंथालयात शांतता राखली होती. त्यांनी डोळे मिटले, डाव्या हाताच्या अंगठ्याने घड्याळ दाबलं आणि ते ओरडले, "खो!"

मुळा उपटावा तशी उर्मिला जमिनीतून निघाली. माती उडाली, वेणी त्यांच्या चष्म्यावर बसली आणि ती पुढे झेपावली. पाहुणी मुलगी कंबर वाकवून सातव्या आणि आठव्या चौकोनाच्या मधून निसटली आणि सबनीसांच्या मागच्या बाजूला गेली. उर्मिलेला मधून जाता येत नाही. तिने खांबाला हात घातला आणि वळसा घेतला.

खो देणाऱ्याने रिकाम्या चौकोनात बसायचं असतं. ते पान शाबूत होतं. सबनीस बसले. गुडघे कडकडले. चौकोनातली माती अजून गरम होती आणि बसताक्षणी ती पावलांवर दोन बोटं चढली. तोंड शाळेकडे. समोर सभागृहाच्या खिडक्यांची रांग लांबच लांब गेली होती, आणि अगदी शेवटच्या खिडकीत कुणीतरी चिंचोक्याएवढं त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत हात वर करून उभं होतं.

सात सेकंद. मैदानावरच्या सावल्या हलल्या. मागून पाहुण्या मुलीचं हसणं आलं, मग बंद झालं. शेवंता काहीतरी ओरडली. ते लेकीला उद्देशून होतं की नवऱ्याच्या नावाने, कळलं नाही. त्यांना वळून बघायचं होतं. बसलेल्या खेळाडूने वळायचं नसतं.

पाच.

अनवाणी पावलं खांबाला वळसा घालून त्यांच्या पाठीमागे येत होती. एकीची की दोघींची, ते त्यांना ओळखता येईना. माती घोट्याला लागली. सबनीसांनी पाठ ताठ केली आणि टाचा उचलल्या.