पाणी पिणारे खडे

दौंडजवळच्या भीमाकाठच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन पोपटराव यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. आपल्याला काय कळत नाही, तेवढं मात्र कळायचं नाही. डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या केंदूरच्या करुणाला हे तीन वर्षांत पुरतं उमगलं होतं. तिला नोकरीत कायम करण्याची ऑर्डर मात्र त्यांच्याच टेबलावर धूळ खात पडली होती.

स्पिरिट कितीही उकळा, त्याची वाफ करून थंड करा, शेकडा चार-पाच भाग पाणी त्याला चिकटून राहतंच. पेट्रोलात मिसळायचं इथेनॉल करायचं तर ते पाणी सोडवायला टाकीत पांढरे खडे भरतात. दिसायला साबुदाणा, पण वाफेतलं पाणी शोषून घेतात. त्या दिवशी टाकीत नवे खडे भरले होते.

पोपटरावांनी पूजा काढली. नारळ, हळदकुंकू इथवर ठीक. पण संचालक एकवीस, म्हणून भीमेच्या पाण्याचे कलशही एकवीस, आणि ते ओतायचे कुठं, तर थेट खड्यांवर!

"आप्पा, पूजा खुशाल करा, पाणी तेवढं नका ओतू," करुणा म्हणाली. "आत्ताच ह्यांचं पोट भरलं तर स्पिरिटातलं पाणी कोण पिणार?"

"तुम्हाला पूजेचं वावडं असायचंच," पोपटराव हसले. त्या 'तुम्हाला'त तिची अख्खी वस्ती आली. संचालकही हसले, तेवढं काम ते चोख करत. कलश रिकामे झाले. "बघा कसं प्यायले, थेंब राहिला न्हाई!" पोपटरावांना कोण कौतुक!

आठवड्यात पहिला टँकर तेल कंपनीच्या डेपोतून परत आला. इथेनॉलात पाणी. टाकी उघडली तर निम्म्या खड्यांचं पीठ झालेलं.

पोपटरावांनी करुणाला केबिनमध्ये बोलावलं. एक कोरा रिपोर्ट आणि तिची ऑर्डर शेजारी शेजारी ठेवली. "खडे पुरवणाऱ्या कंपनीनं मालच बोगस दिला, असं लिवा. तुमची सही झाली की हितं माझी."

करुणाचं डोकंच फिरलं. ती गेली, त्याच खेपेतला शिल्लक राहिलेला बंद ड्रम फोडून मूठभर खडे घेऊन आली.

"हात पुढं करा, आप्पा."

खडे त्यांच्या तळव्यावर ठेवून तिनं टेबलावरच्या ग्लासातलं पाणी वर ओतलं.

"आयाया! भाजलं की!" पोपटराव हात झटकत उठले.

"चांगला खडा पाणी प्याला की तापतो. बोगस असता तर गार राहिला असता."

कारणाच्या रकान्यात तिनं लिहिलं: संचालक मंडळाने ओतलेलं पाणी. खाली ठसठशीत सही केली. ऑर्डरकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. सहीचा हात फुंकत बसलेल्या त्या माणसाकडून तिला आता काहीच नको होतं.