राघूंची वही

शामलेला चित्रकला येत नव्हती, आणि ही गोष्ट तांडापेठेतल्या त्यांच्या गल्लीत लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. तिने काढलेला आंबा वांग्यासारखा दिसे आणि वांगं कशासारखंच दिसत नसे. शाळेतल्या बाईंनी आधी समजावून पाहिलं, मग रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले आणि चित्रकलेच्या तासाला तिला मागच्या बाकावर बसून पाढे लिहायला सांगितलं. दहा वर्षांच्या पोरीने तेही निमूट केलं. तिचे पाढे मात्र चोख होते.

त्यामुळे ऐंशी सालच्या हिवाळ्यात आजोबांनी, म्हणजे देवरावांनी, घरातल्या जुन्या लुगड्याचा काठ कागदावर उतरवायचं काम याच नातीला द्यायचं ठरवलं, तेव्हा सून चंद्रकलेला हसू आवरेना. "मामाजी, तिच्यापेक्षा मांजरीच्या पायाले शाई लावा नं," ती म्हणाली.

देवराव हसले नाहीत. चाळीस वर्षं त्यांनी हातमागावर लुगडी विणली आणि ती सगळी व्यापाऱ्याच्या गाठोड्यात बसून कुठल्या कुठल्या घरांत गेली. घरात राहिलं ते एकच, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बायकोसाठी, रुख्मिणीसाठी विणलेलं. जांभळं अंग, पिवळा काठ, आणि काठावर एकामागे एक चाललेले हिरवे राघू. सगळ्यांची तोंडं पदराकडे. एकेक धागा बोटाने मोजून, उचलून, मध्ये रेशीम भरून त्यांनी ते बसवले होते. शेवटचा राघू तर म्हणे त्यांनी अंगात ताप असताना विणला. तो विणल्याचं त्यांना आठवतही नसे. असा काठ पुन्हा त्यांच्या हातून झाला नाही.

रुख्मिणीला जाऊन आता आठ वर्षं झाली होती. माग उमरेडच्या एका ओळखीच्याकडे गेला, मुलगा मुकुंद कळमेश्वरच्या कारखान्यात लागला. देवरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तो पिकू द्या, मग काढू, असं डॉक्टर म्हणत. नजर कदाचित परत आली असती, पण लुगडं थांबायला तयार नव्हतं. घडी उलगडली की चिरत होतं, हात लावला की विरत होतं. ते संपायच्या आत एक राघू, एक तरी, चौकोनांच्या कागदावर, एका धाग्याला एक चौकोन असा, उतरला पाहिजे, म्हणजे पुढेमागे कोणाला विणावासा वाटला तर विणता येईल. आता हे असलं कोण विणणार, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती.

आधी त्यांनी वामनरावांना बोलावलं होतं. वामनराव सीताबर्डीवर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांच्या हातात कलाच होती. त्यांनी लुगडं पाहिल्यासारखं केलं आणि चहा निवायच्या आत राघू काढून मोकळे झाले. बाकदार चोच, गळ्यात कंठी, तोंडात लाल मिरची. घरातले सगळे वा वा करत राहिले. देवरावांनी कागद डोळ्यांशी नेला आणि विचारलं, "याच्यात धागे कुठी हायेत गा?" वामनराव जरा फुगूनच घरी गेले. राघू देखणा होता यात वाद नाही. पण तो वामनरावांचा राघू होता.

"मले नाई येत, आबाजी," शामला म्हणाली.

"म्हनूनच तुले सांगून राहिलो. मोजता येते नं?"

"मोजता येते."

"झालं तं मंग."

पण झालं नाही. गणिताच्या चौकोनी वहीत शामलेने पहिला राघू काढला तो वांगंच होता, आणि त्याच्या तोंडात मिरची होती.

"लुगड्यातल्या राघूच्या तोंडात मिरची हाये काय?" देवरावांनी विचारलं.

शामलेने वाकून पाहिलं. "नाई."

"मंग तू काहून काढली?"

"राघूले असते नं."

देवरावांच्या ध्यानात आलं. पोरीला हात नव्हता ते नव्हताच, पण खोट हातात नव्हती. ती लुगड्याकडे बघतच नव्हती. तिच्या डोक्यात एक राघू बसला होता आणि तो तिला समोरचा राघू दिसू देत नव्हता. त्यांनी एक जुनं पोस्टकार्ड घेतलं आणि चंद्रकलेकडून त्याला ब्लेडने एक बारीक फट पाडून घेतली. कार्ड काठावर ठेवलं की फटीतून धाग्यांची एकच ओळ दिसे. चोच नाही, पंख नाही, शेपूट नाही. नुसतं हिरवं आणि पिवळं.

"आता राघू इसर," ते म्हणाले. "हिरवं दिसलं का चौकोन भर. पिवळं दिसलं का सोड. पदराकडून मोजाचं, आन् एक ओळ झाली का कार्ड सरकवाचं. काय बनून राहिलं ते पाहाचं नाई."

शामला सकाळच्या शाळेतून आली, जेवली, की हे काम सुरू व्हायचं. मागाच्या खोलीत कवेलूंच्या छपरात एक काच बसवलेली होती. दोन वाजता तिच्यातून उन्हाचा चौकोन खाली उतरे आणि हळूहळू सरकत मागाच्या खड्ड्यापर्यंत येई. माग गेला तरी खड्डा तसाच होता. देवराव आपल्या जुन्या जागी, त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. शामला त्यांच्या शेजारी, वही मांडीवर, लुगडं उन्हात. पलीकडची कड रिकामी असे. तिथे, बरोबर त्यांच्यासमोर, पूर्वी रुख्मिणी रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसायची. भरता भरता कधी म्हणायची, "मले बी बसू द्या नं मागावर एकडाव." आणि ते म्हणायचे, "काठ बिघडते." वर्षाकाठी दोनतीनदा हे बोलणं व्हायचं, आणि दर वेळी इथेच संपायचं.

"तीन भरले, एक खाली. पाच भरले, दोन खाली." शामलेच्या आवाजाला हळूहळू लय येऊ लागली. देवराव डोळे मिटून घ्यायचे. उन्हात रेशमाची धूळ तरंगायची, दूर कुठेतरी पिंजाऱ्याची तात वाजायची, आणि खड्ड्यात आता नसलेल्या पावड्यांवर, मागाच्या पायपट्ट्यांवर, त्यांचे पाय चालू व्हायचे. एक खाली, एक वर. पोर आकडे बोलत होती आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांसमोर कापड वाढत होतं. चार भरले म्हणजे मान आली. दोन खाली म्हणजे पंखाची चीर. किती वाजले, हिवाळा कोणता, आपण तीस वर्षांचे की सत्तर, याचा पत्ता राहत नसे. चंद्रकला चहा ठेवून जायची आणि चहा गार व्हायचा.

मधून शामला चुकायची. चुकली की ऐकता ऐकताच देवरावांचे पाय थांबायचे, आणि ती खोडरबर घ्यायची. एके दिवशी पान भरल्यावर तिने कार्ड उचललं, वही लांब धरली आणि तशीच धरून राहिली. चौकोनांतून एक पंख वर आला होता. वांगं नव्हतं. पंखच होता, लुगड्यातल्यासारखा, पायरीपायरीचा.

"आबाजी, हे मीनं काढलं?"

"नाई तं कोनं? मांजरीनं?"

ती हसली. त्या रात्री वही उशाशी घेऊन झोपली, आणि देवरावांना फार वर्षांनी घरात काही तयार होत असल्याचा आनंद झाला.

संक्रांत आली आणि गेली. वहीत एका पानावर शेपूट, एका पानावर पाय, एका पानावर पंख. पण अख्खा राघू काही जमेना, कारण लुगड्यात अख्खा राघू उरलाच नव्हता. कोणाची चोच गेलेली, कोणाचं पोट. शेवटी शामलेनेच शोधून काढला. लुगड्याचं आतलं टोक, जे कमरेशी खोचलं जातं, तिथे ना ऊन लागलं होतं ना नजर. तिथला शेवटचा राघू नखशिखांत शाबूत होता. त्याच्यापुढे वीतभर कोरा काठ आणि मग लुगडं संपलेलं. देवरावांचा जीव भांड्यात पडला.

तो राघू उतरवायला शामलेला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी ती वाचायला बसली आणि देवरावांनी डोळे मिटले. पायांच्या ओळी आल्या, पोट आलं, आणि त्यांचे पाय अडखळले. मान आली तेव्हा ते थांबलेच.

"चुकली," ते म्हणाले. "चोच आधी याले पाह्यजे. माह्ये सारे राघू पदराकडं पाह्यतात. तुही चोच शेवटी आली."

शामलेने पुन्हा मोजलं. "शेवटीच हाये, आबाजी."

"लुगडं उलटं धरलं असशील."

"सुलटंच हाये."

"मंग बिनापाहता काढला असशील, डोक्यातला," देवराव एकदम कडाडले. "चार दिवस वाया घातले. बाई म्हनत होत्या ते काही खोटं नाई."

शब्द तोंडातून गेले आणि त्यांना स्वतःलाच लागले. शामलेचे डोळे भरून आले, पण ती उठली नाही. पाढे लिहायला सांगितल्यावर जी पोर निमूट मागच्या बाकावर गेली होती, तिने आज लुगड्याचं टोक उचललं आणि आजोबांच्या मांडीवर ठेवलं. "तुमीच मोजा," ती म्हणाली. "मी पाहूनच काढला."

देवरावांनी बोट फिरवलं. कापड सुलटंच होतं. सुटे धागे खालच्या बाजूला होते. मग नखाने एकेक ओळ चाचपत ते वर गेले. पाय, पोट, मान. पदराच्या बाजूला, जिथे चोच हवी, तिथे शेपूट होतं. चोच दुसऱ्या अंगाला. एका धाग्याचाही फरक नव्हता. काठावरचे सगळे राघू पुढे बघत होते आणि हा एकटा मागे बघत होता.

हा त्यांचा हात नव्हता. डाव्या-उजव्याची चूक त्यांच्याकडून तापातही झाली नसती. आणि मग त्यांना तो ताप आठवला. एक राघू उरला असताना ते उमरेडला लग्नाला गेले होते, आणि तीन दिवसांनी फणफणून परत आले होते. बरे होऊन मागावर बसले तर राघू झालेला, कापड गुंडाळलेलं. त्यांनी रुख्मिणीला विचारलं होतं, एक बाकी होता नं? तिने रहाटावरून मान वर न करता सांगितलं होतं, "तुमीच तं इनला, तापात. इसरले काय?"

देवराव खड्ड्यातून पाय काढून उठले. भिंतीला धरत धरत पलीकडे गेले आणि रहाटाच्या जागी बसले. शामला बघतच राहिली. तिथून त्यांनी आपल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्यांचं डावं तिथून उजवीकडे होतं आणि उजवं डावीकडे. लग्नापासून रुख्मिणी इथे बसून बघत होती. बघून बघून शिकली होती, एक धागा न चुकता, जसं इथून दिसत होतं तसं. त्यांनी तिला कधी स्वतःच्या शेजारी बसवलंच नव्हतं. आणि तिने तो एकच राघू तिथे विणला, जिथे तो कमरेशी खोचला जाईल, आणि जन्मभर अंगावर बाळगला.

त्यांना रडू आलं. पोरीसमोर आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"आबाजी, फिरवून काढू काय त्याले?" शामलेने घाबरून विचारलं. "पदराकडं तोंड करू?"

"नाई," देवराव म्हणाले. "बराबर काढला तू. दुसऱ्या कोनाले तो दिसलाच नसता. हा तुह्या आजीनं इनला वं. तिनं इथून पाह्यला."

शामला पेन्सिल घेऊन पानाच्या खाली आजीचं नाव लिहू लागली. उन्हाचा चौकोन खड्डा ओलांडून पलीकडच्या कडेपर्यंत आला होता. देवरावांनी डोळे पुसले आणि आपल्या जुन्या जागेकडे बोट दाखवलं.

"तू तिथी बस," ते म्हणाले. "आन् पहिल्या ओळीपासून वाच. मी इथून आयकतो."